मुंबई किती तासांवर?

गेल्या महिन्यात माझे एक जुने पेशंट वडिलांना दाखवायला स्वतः गाडी चालवत मुंबईला गेले. रात्री निघाले, दिवसभर तपासण्या केल्या आणि त्याच रात्री परत फिरले. पहाटे गाडी कठड्याला घासली. सुदैवाने खरचटण्यावर निभावले. मी ड्रेसिंग करत असताना म्हणाले, "डॉक्टरसाहेब, शपथेवर सांगतो, झोपलो नव्हतो. डोळे उघडे होते."

ते खोटे बोलत नव्हते. सरळ, एकसुरी रस्त्यावर थकलेला मेंदू उघड्या डोळ्यांनीही दोन-तीन सेकंद डुलकी घेतो आणि माणसाला त्याचा पत्ताही नसतो. ताशी १२० किलोमीटर वेगाने तीन सेकंदांत गाडी १०० मीटर पुढे जाते.

नागपूर-मुंबई हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. जून २०२५ मध्ये तो पूर्ण खुला झाला आणि सोळा तासांचा प्रवास आठ तासांवर आला, असे आपण अभिमानाने सांगतो. सोय मोठी आहे, यात शंका नाही. पण हा रस्ता भिवंडीजवळ आमणे येथे संपतो. पुढची गर्दी हिशेबात कोणी धरत नाही.

विमानाचेही तसेच. हवेत दीड तास. पण आपल्या वर्ध्याहून नागपूर, तेथील तपासणी, सामान, मुंबईतील टॅक्सी हे सारे धरले तर सहा-सात तास सहज जातात. शिवाय विमानात हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तसा ठेवलेला असतो, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही विरळ. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी, ऑपरेशन झालेल्यांनी किंवा दम्याचा जोर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नये. इन्सुलिन व रोजच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवाव्यात.

रस्त्याने जाणाऱ्यांनी दर दोन तासांनी उतरून पाच-दहा मिनिटे चालावे. तासन् तास पाय लोंबकळत राहिले की पोटरीच्या शिरांत रक्त साकळू शकते. गरोदर स्त्रिया व वृद्ध यांना हा धोका अधिक. लघवीला थांबावे लागेल म्हणून पाणी न पिणे ही आपल्या भगिनींची सवय तर फारच वाईट.

मात्र माझे खरे सांगणे वेगळेच आहे. रस्त्याने वाचवलेले आठ तास आपण झोपेला देत नाही, त्याच दिवशी परत येण्यात घालवतो. लॉजचे भाडे आणि एक रजा वाचते, एवढाच त्यातला फायदा. मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत शरीर झोप मागतेच. चहाने ती थोडी पुढे ढकलता येते, टळत नाही. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ याच महामार्गावर बसच्या अपघातात २५ प्रवासी गेले, तेव्हाही रात्रीचा दीड वाजला होता. कारण काहीही असो, वेळ तीच होती.

म्हणून पेशंटला घेऊन जाणाऱ्यांना माझे सांगणे आहे: मुक्काम करा, किंवा गाडी चालवायला दुसरा माणूस सोबत न्या. डोळा जड झाला तर विश्रांतीच्या जागी गाडी लावून वीस मिनिटे झोपा. "अति घाई, संकटात नेई" ही पाटी आपण लहानपणापासून वाचत आलो आहोत. रस्ता नवा झाला तरी शरीर जुनेच आहे, एवढे ध्यानात असू द्यावे.