आधी काम बघा, मग फॉर्म भरा

बारावीचा निकाल लागला की आमच्या देवरुखात सगळ्यात मोठा करिअर सल्लागार असतो तो झेरॉक्सवाला. बाहेर पाऊस कोसळत असतो, दाराशी ओल्या छत्र्यांचा ढीग, आत चार पोरं, दोन बाप आणि कडेवर पिशवी सांभाळणारी एखादी आई. फॉर्म भरता भरता तो मान वर न करता विचारतो, "बीएएमएस टाकू की फिजिओ?" बाप पोराकडे बघतो, पोरगं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. "टाका दोन्ही," म्हणून बाप मोकळा होतो. पुढची चाळीस वर्षं माणूस रोज सकाळी उठून काय करणार, हे एवढ्या वेळात ठरतं. झेरॉक्सवाल्याचा यात काडीचाही दोष नाही. तो निदान विचारतो तरी.

आमची मुलं अभ्यासात कमी नाहीत. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांचं कोकण विभागीय मंडळ 2012 साली वेगळं झालं आणि तेव्हापासून बारावीच्या निकालात पहिला नंबर दुसऱ्या कुणाला मिळालेला नाही. 2025 मध्ये राज्याचा निकाल 91.88 टक्के, कोकणाचा 96.74. पेपरात फोटो येतात, पेढे वाटले जातात, आणि पेढ्याचा घास तोंडात असतानाच पाहुणे विचारतात, "मग, डॉक्टर ना?" हुशार मुलाला जीवशास्त्र आवडतं असं कळलं की आपल्याकडे त्याच्यापुढे एकच पाटी लागते. ती नाही जमली तर उरलेलं सगळं 'मग काय, बघू काहीतरी' या एका डब्यात.

हिशोब मात्र कठोर आहे. 2025 मध्ये देशभरातून 22 लाखांहून अधिक मुलांनी नीट दिली. एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आतबाहेर. म्हणजे अठरा जणांत एक. कोकणात जागा वाढल्या हे खरं. सावर्ड्याजवळ डेरवणला 2015 पासून वालावलकरांचं वैद्यकीय महाविद्यालय आहे, 2021 मध्ये सिंधुदुर्गात आणि 2023 मध्ये रत्नागिरीत सरकारी महाविद्यालय सुरू झालं, दोन्हीकडे शंभर शंभर जागा. तरी उरलेल्या सतरा जणांचं काय, हा प्रश्न उरतोच, आणि त्या सतरांशी बोलायला कुणी बसत नाही. क्लासवाले पहिल्याचा फोटो फ्लेक्सवर लावतात. सतरा जणांचा फ्लेक्स कोण लावणार?

आरोग्याच्या क्षेत्रात काम म्हणजे नेमकं काय, ते जरा जवळून बघू. भातलावणीच्या दिवसांत फुरसं चावलेला माणूस ग्रामीण रुग्णालयात येतो. फुरशाच्या विषाने रक्ताची गोठण्याची ताकद जाते. ती गेली आहे का, हे कळायला मोठं यंत्र लागत नाही. शिरेतून साधारण दोन मिलिलीटर रक्त काढायचं आणि स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घालायचं. प्लास्टिकची नळी चालत नाही, साबणाच्या पाण्याने धुतलेली तर नाहीच. नळी उभी ठेवायची, घड्याळ लावायचं आणि वीस मिनिटं तिला बोटही लावायचं नाही. नातेवाईक ओरडत असतात, कुणी मंत्र टाकणाऱ्याला फोन लावत असतो, तरी नाही. वीस मिनिटांनी नळी एकदाच कलती करायची. रक्त गोठलेलं असलं तर थोडी उसंत आहे. पाण्यासारखं ओघळलं तर विष भिनलंय आणि प्रतिविष चढवायचं. निर्णय डॉक्टर घेतो. पण तो निर्णय ज्या वीस मिनिटांवर उभा असतो, ती बहुतेक वेळा परिचारिकेच्या नाहीतर लॅब टेक्निशियनच्या हातात असतात. नळी अठराव्या मिनिटाला कुणी हलवून बघितली, तर पुढचं सगळं चुकतं.

हे काम कुणाला जमेल? घाई न करणाऱ्याला, गोंगाटात डोकं थंड ठेवणाऱ्याला, सांगितलेली पायरी न गाळणाऱ्याला. यातलं काहीही गुणपत्रिकेवर छापलेलं नसतं.

आमच्या गावाला तर हे वेगळं सांगायलाच नको होतं. देवरुखात इंदिराबाई हळबे, म्हणजे सगळ्यांच्या मावशी, यांनी 1954 मध्ये दोन खाटांचं प्रसूतिगृह सुरू केलं आणि त्यातून मातृमंदिर उभं राहिलं. मावशी डॉक्टर नव्हत्या. आडगावातली बाई बाळंतपणात मरू नये, एवढं त्यांना दिसलं आणि त्यासाठी जे लागेल ते त्या करत गेल्या. त्याच गावात सत्तर वर्षांनी "नर्सिंगला घाल पोरीला" असं म्हटलं की आई-बापाचा चेहरा उतरतो.

मध्यंतरी आंगवलीकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन घरी आले. जीवशास्त्र शिकवण्यात जन्म गेल्यामुळे अशी मंडळी माझ्याकडे येतात. मुलगी अकरावीत. "सर, पोरगी डाक्टर व्हनार म्हन्ते. पन न्हाय झाली तर फुडं काय, ता सांगा." प्रश्न शहाणपणाचा होता. बहुतेक बाप तो निकालानंतर विचारतात. मी मुलीला विचारलं, "डॉक्टर कशाला व्हायचंय?" ती पाठ केल्यासारखं म्हणाली, "लोकांची सेवा करायला." मग विचारलं, "शाळेतून घरी गेल्यावर काय करतेस?" तेव्हा ती खुलली. आजीला लकवा मारलाय. रुग्णालयातून सोडताना कुणी एकाने हाताचे, पायाचे व्यायाम शिकवले, ते ही रोज करून घेते. आजी शिव्या घालते, ही हसते, पण एकही चुकवत नाही. आता आजी भिंतीला धरून परसात जाते. "ते शिकवून गेले ते डॉक्टर होते का गं?" तिला माहीत नव्हतं. फिजिओथेरपी हा पदवीचा अभ्यासक्रम आहे, आपल्या राज्यात त्यालाही नीटच लागते, आणि आपण घरात गेले कित्येक महिने त्याच कामाची उमेदवारी करतोय, हे तिला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं. ती पुढे तेच घेईल की नाही, मला ठाऊक नाही. तिला एमबीबीएस मिळालं तर आनंदच आहे. पण आता तिच्याकडे दुसरी पाटी आहे, आणि ती कुणी दिलेली नाही, तिची तिनेच लावली.

सल्लागाराचं काम एवढंच असतं. मार्क बघून कोर्सचं नाव सांगणं नव्हे. मुलाचा हात, डोळा, स्वभाव कुठल्या कामाकडे वळतो ते बघणं. माणसांशी दिवसभर बोलायचा कंटाळा येणारा मुलगा लॅबमध्ये किंवा एक्स-रे विभागात रमेल, ओपीडीत कोमेजेल. हाताने वस्तू घडवायची आवड असेल, तर कृत्रिम पाय आणि कॅलिपर बनवणाऱ्यांचाही पदवी अभ्यासक्रम आहे. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारच्या पुनर्वसन संस्थेत तो चालतो. बहिऱ्या मुलांना ऐकायला-बोलायला शिकवणाऱ्यांचं शिक्षण बांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत मिळतं. केंद्र सरकारने 2021 मध्ये सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी कायदा केला, त्यात पन्नासहून अधिक व्यवसायांची नावं आहेत. आमच्या तालुक्यातल्या अकरावीच्या वर्गात उभं राहून विचारा, पाच नावं येत नाहीत.

सल्ला अकरावीतच मिळायला हवा, कारण बरेच दरवाजे तिथेच लागतात. गणित सोडायचं की जीवशास्त्र, हे ठरतं तेव्हा. फार्मसीला भौतिक-रसायनाबरोबर दोन्हींपैकी एक चालतं. नीटच्या वाटेने जायचं तर जीवशास्त्र हवंच. बीएस्सी नर्सिंगला 2022 पासून राज्याची वेगळी सीईटी आहे. एएनएम या नर्सिंगच्याच कोर्सला कला शाखेची मुलगीही जाऊ शकते. नीटचे मार्क आले म्हणजे बोलावणं येईल, असं समजून घरी बसणारी मुलं आजही आहेत. राज्याच्या जागांसाठी सीईटी सेलकडे वेगळी नोंदणी, अखिल भारतीय 15 टक्क्यांसाठी वेगळी, आयुषच्या अखिल भारतीय जागांसाठी आणखी वेगळी. आणि फार्मसीच्या फेऱ्यांत पहिल्या फेरीला पहिला पसंतीक्रम मिळाला की तो आपोआप पक्का होतो. मग "सहज टाकलं होतं" म्हणून सुटका नाही.

कागदांचंही तसंच. आमच्या तालुक्यात कुणबी समाज मोठा. ओबीसीच्या जात पडताळणीला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. म्हणजे आजोबांचा शाळेचा दाखला. आजोबा दुसरीतून शाळा सोडून मुंबईला गिरणीत गेलेले, शाळेचं रजिस्टर वाळवीने खाल्लेलं. मग तहसीलात गाव नमुना चौदा, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, धुंडाळायची, आडनाव एका नोंदीत एक आणि दुसरीत भलतंच, त्याचं प्रतिज्ञापत्र. हे काम जूनमध्ये सुरू करून ऑगस्टमध्ये संपत नाही. अकरावीच्या दिवाळीत सुरू केलं तर संपतं. मुलींसाठी 2024-25 पासून, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी गटांत व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क शासन भरतं. पण प्रवेश केंद्रीभूत फेरीतून हवा. गडबडीत व्यवस्थापन कोट्यात पैसे भरून मोकळी झालेली मुलगी या सवलतीला मुकते, आणि तिच्या बापाला ते पुढच्या वर्षी शेजाऱ्याकडून कळतं.

आणि एक धोका. पॅरामेडिकलच्या नावाखाली दोन खोल्यांत चालणाऱ्या संस्था. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने दूरच्या शहरात अशा ठिकाणी दोन वर्षं काढली, फी भरली, फ्रेममध्ये लावण्यासारखं रंगीत प्रमाणपत्र आणलं. नोकरीला गेल्यावर पहिला प्रश्न आला, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन कुठाय? ते होणारच नव्हतं. प्रवेश घेण्याआधी एकच गोष्ट विचारायची: हा कोर्स पुरा झाल्यावर माझी नोंदणी कुठल्या परिषदेकडे होते? नर्सिंगला नर्सिंग कौन्सिल, फार्मसीला फार्मसी कौन्सिल. समोरचा माणूस उत्तर टाळून चहा मागवायला लागला, तर चहा पिऊन निघून यावं.

हे सगळं एका शिक्षकाला येतं असं नाही, पण शिकता येतं. प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात एका शिक्षकाच्या वेळापत्रकात आठवड्याचे दोन तास या कामाचे असावेत, बाकीच्या कामातून वेळ काढून नव्हे, तर कामाचा भाग म्हणून. आणि अकरावीच्या मुलांना दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस कुठेतरी उभं करावं: लॅबमध्ये, औषधाच्या दुकानात, उपकेंद्रात, दवाखान्यात. देवरुखात, साखरप्यात, संगमेश्वरात अशा जागा आहेत आणि तिथली माणसं आपली आहेत. हात लावायचा नाही, मध्ये बोलायचं नाही, रुग्णाने नको म्हटलं तर बाहेर थांबायचं.

बघून आल्यावर दहांतली चार मुलं "हे मला नको" म्हणाली, तर तो दिवस वाया गेला असं कुणी समजू नये. आपल्याला हे जमणार नाही, हे सोळाव्या वर्षी एका दिवसात कळणं वेगळं, आणि विसाव्या वर्षी बापाचं कर्ज डोक्यावर घेऊन हॉस्टेलच्या खोलीत कळणं वेगळं. पहिल्याला खर्च येतो एका शिक्षकाच्या फोनचा, आणि समोरून एखाद्या डॉक्टरने किंवा लॅबवाल्याने "पाठवा" म्हणण्याचा.