सिस्टरच्या हातातला टॅब कोणासाठी?

वारजे-माळवाडीतल्या अनेक घरांचे गणगोत राजगड (पूर्वीचा वेल्हे), मुळशी या तालुक्यांत आहे. सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते. सात महिने तपासणी पुण्यात झालेली, बाळंतपण मात्र डोंगरातल्या गावात. तिचे हिमोग्लोबिन किती होते, रक्तदाब कधी वाढला, धनुर्वाताचे इंजेक्शन झाले की नाही, हे तिथल्या उपकेंद्रातल्या सिस्टरला कळायचे तर पिशवीतले कार्ड हाच आधार. ते वारज्यात विसरले की सगळे पहिल्यापासून. म्हणून या नोंदी टॅबवर याव्यात, याला विरोध करण्याचे काही कारण नाही. माहेर आणि सासर यांच्यामध्ये जिचे उपचार तुटतात, तिलाच याची गरज सर्वात जास्त आहे.

परिचारिकांसाठीचे 'अनमोल' ॲप २०१६ मध्ये आले. रेंज नसतानाही नोंद करता येते आणि नेट मिळाले की ती वर जाते, ही सोय खरोखर विचारपूर्वक केलेली आहे. अपेक्षा होती की जाडजूड रजिस्टरे सुटतील. अनेक ठिकाणी ती सुटली नाहीत. उलट लसीकरणासाठी यू-विन, डॉक्टरांचा सल्ला घ्यायला ई-संजीवनी, वर प्रत्येकाचा आभा क्रमांक, अशी भर पडत गेली. डोंगराळ भागात ३००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हा सरकारी निकष. कागदावर आकडा लहान दिसतो, पण वाड्या विखुरलेल्या असतात. दिवसभर वाड्या फिरलेल्या बाईने तीच माहिती दोनदा का लिहायची?

असे विचारले की 'यांना तंत्रज्ञान नको असते' हे उत्तर तयार असते. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले, तेव्हाही हेच ऐकू आले. प्रत्यक्षात त्यांची तक्रार निकृष्ट फोनबद्दल आणि पोषण ट्रॅकरमधल्या इंग्रजीबद्दल होती.

आपल्या वस्त्यांना भिडणारा एक मुद्दा नावांचा आहे. आधारवर शेखचे इंग्रजी स्पेलिंग एक, बँकेच्या पासबुकात दुसरे. लग्नानंतर नाव बदललेले किंवा न बदललेले. मातृवंदना योजनेचे पैसे अशा फरकात अडकतात आणि बोलणी खाते सिस्टर, जिच्या हातात ते दुरुस्त करण्याचा अधिकारच नसतो.

दुसरा मुद्दा त्याहून नाजूक आहे. १४ अंकी आभा क्रमांक ऐच्छिक आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही संमतीवर भर आहे. पण रांगेत उभ्या असलेल्या बाईला 'नको म्हटले तरी उपचार मिळतील' असे सांगितले जाते का? शिवाय घरात फोन एकच आणि तोही नवऱ्याचा, म्हणजे ओटीपी त्याच्याकडे. तांबी बसवल्याचे किंवा गर्भपाताचे तिने विश्वासाने फक्त सिस्टरला सांगितलेले असते. त्या विश्वासावरच गावातले अर्धे आरोग्य चालते, हे ॲप बनवणाऱ्यांना कोणीतरी सांगायला हवे.

तेव्हा आरोग्य खात्याकडे मागणी साधी आहे. टॅबवर नोंद झाली की रजिस्टर बंद करा. ॲपमधला प्रत्येक शब्द मराठीत द्या. नावातली चूक उपकेंद्रातच दुरुस्त होऊ द्या. आणि ज्या बाईकडे स्वतःचा फोन नाही, तिची नोंद दुसऱ्या कोणाच्या नंबरला न जोडता करता आली पाहिजे.