चुकलेले रीडिंग खोडू नका

पाण्यातील लोह मोजण्याच्या प्रात्यक्षिकात आकडा जुळला नाही, की आमच्या वर्गात खोडरबर निघते आणि शेजाऱ्याचे जर्नल उघडते. मला ही शास्त्राशी बेइमानी वाटते.

स्पेक्ट्रोफोटोमीटरला दोष देणे सोपे. पण चूक बहुधा आपल्या द्रावणात असते. फिनॅन्थ्रोलीन फेरस लोहाशीच नारिंगी-तांबडा रंग देते. हायड्रॉक्सिलअमाइन कमी पडले तर फेरिक लोह तसेच राहते आणि 510 नॅनोमीटरवरचे रीडिंग कमी येते. आम्लता फार झाली तर रंग सावकाश चढतो. नमुन्याविना केलेले ब्लँक द्रावणच रंगले, तर लोह रसायनांत, पाण्यात किंवा नीट न धुतलेल्या काचसामानात आहे. क्युव्हेटवर बोटांचे ठसे असले तर रीडिंग वाढते. प्रत्येक चुकीला तिची खूण असते. ती खोडली तर शिकायचे काय?

उद्या आपल्यापैकीच कोणी काचीगुड्यातील बोअरचे पाणी तपासील. ते प्यावे की नाही, हे एखादे कुटुंब त्या आकड्यावरून ठरवील. तेथे शेजाऱ्याचे जर्नल नसेल.

म्हणून गुरुजनांना विनंती आहे : बरोबर उत्तराला गुण द्याच, पण चुकलेले रीडिंग तसेच ठेवून त्याचे कारण शोधणाऱ्यालाही तितकेच द्या.