विहिरीवरचा वाटाड्या

पाकिस्तानी नट झिया मोहिउद्दीन यांना उर्दू जग ओळखते ते मुख्यतः आवाजामुळे. लंडनचे वेस्ट एंड, न्यूयॉर्कचे ब्रॉडवे, ब्रिटिश दूरचित्रवाणी, डेव्हिड लीन यांचा गाजलेला चित्रपट अशा सगळीकडे त्यांनी काम केले. पण ते बहुतेक सगळे काम इंग्रजीत. ज्या भाषेत त्यांचे नाव टिकले, त्या उर्दूत त्यांच्या नावावर चित्रपट अगदीच मोजके आहेत. हातात काही कागद, समोर पाणी पिण्याचा पेला आणि तुडुंब भरलेले सभागृह, एवढ्या सामग्रीवर त्यांनी उर्दूत जे मिळवले ते पडद्याने त्यांना कधी दिले नाही.

त्यांचा जन्म २० जून १९३१ रोजी लायलपूर, म्हणजे आजच्या फैसलाबादमध्ये झाला. घराणे मूळचे रोहतकचे. वडील खादिम मोहिउद्दीन गणिताचे शिक्षक. पण संगीताचा व्यासंग आणि नाटके लिहिण्याची हौस असलेले. गणित, स्वर आणि रंगमंच एकाच घरात नांदत असल्याचा परिणाम मुलावर झाला असावा. पुढे त्यांचे वाचन ऐकताना विरामांचे मोजमाप जाणवते, तेव्हा घरातल्या गणिताची आठवण होतेच. बालपण कसूर आणि लाहोरात गेले. काही काळ रेडिओवर काम केल्यानंतर १९५३ साली ते लंडनच्या ‘रॉयल ॲकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट’मध्ये दाखल झाले आणि १९५६पर्यंत तिथे शिकले. फाळणीला तेव्हा सहाच वर्षे झाली होती. नव्या देशात नाटकाचे शिक्षण देणारी संस्था नव्हती, आणि इंग्लंडच्या रंगभूमीला पंजाबातून आलेल्या नटाचे काय करायचे ते ठाऊक नव्हते.

ते उत्तर ई. एम. फॉर्स्टर यांच्या कादंबरीने दिले. ‘अ पॅसेज टू इंडिया’चे नाट्यरूपांतर सांता रामा राव यांनी केले, फ्रँक हाउझर यांनी ते ऑक्सफर्डमध्ये बसवले आणि २० एप्रिल १९६० रोजी लंडनच्या कॉमेडी थिएटरात ते वेस्ट एंडला लागले. डॉ. अझीझची भूमिका झिया यांच्याकडे होती. आतिथ्यशील, उतावळा, चटकन दुखावणारा आणि दुखावल्यावर अभिमानाने ताठ होणारा हा डॉक्टर गोऱ्या नटाने चेहऱ्याला काळा रंग फासून उभा करण्याचा काळ अजून सरला नव्हता. झिया यांनी तो रंग न फासता उभा केला. १९६२मध्ये नाटक ब्रॉडवेवर गेले, तेव्हाही अझीझ तेच होते. लीन यांनी याच कादंबरीवर चित्रपट काढला तो १९८४ साली. त्यात अझीझ झाले व्हिक्टर बॅनर्जी. वय हे नटाचे सर्वांत निर्दय खाते असते.

लीन यांच्या चित्रपटात झिया आधीच येऊन गेले होते, तेही अवघ्या काही मिनिटांसाठी. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ (१९६२) मध्ये तफस नावाचा बदू वाटाड्या लॉरेन्सला वाळवंटातून नेत असतो. लॉरेन्स त्याला आपले पिस्तूल भेट देतो. दोघे एका विहिरीवर थांबतात. ही विहीर दुसऱ्या टोळीची, तिथले पाणी प्यायची तफसला मुभा नाही. क्षितिजावरच्या मृगजळात एक काळा ठिपका थरथरतो. छायालेखक फ्रेडी यंग यांनी या एका दृश्यासाठी ४८२ मिलिमीटरची खास लेन्स वापरली होती. ठिपक्याचा उंटस्वार व्हायला लागणारा वेळ लीन कापून टाकत नाहीत. तफस घाबरून भेटीतल्याच पिस्तुलाकडे धावतो आणि गोळी लागून विहिरीच्या काठाशी कोसळतो. गोळी झाडणारा शरीफ अली, म्हणजे ओमर शरीफ. चित्रपटाच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला प्रवेश म्हणून हे दृश्य शिकवले जाते. पण तो प्रवेश भयावह वाटतो तो तफसच्या चेहऱ्यामुळे. प्रेक्षकाला स्वार ओळखता येत नाही, तफसला येतो. येणारा माणूस कोण आहे ते पडद्यावर पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत दिसते. शरीफ त्या एका चित्रपटाने जगभर तारे झाले. झिया यांना मात्र पुढे आणखी बरेच तफस मिळाले.

‘सॅमी गोइंग साउथ’मध्ये (१९६३) ते सीरियन फेरीवाला होते. ‘खार्टूम’मध्ये (१९६६) गुलामांचा जुना व्यापारी झोबेर पाशा, ‘द सेलर फ्रॉम जिब्राल्टर’मध्ये (१९६७) आणखी एक परदेशी, एका गुप्तहेरपटात अरबी राजा. फ्रेड झिनेमन यांच्या ‘बिहोल्ड अ पेल हॉर्स’मध्ये (१९६४) ग्रेगरी पेक यांच्यासोबत तर ते चक्क स्पेनच्या गोष्टीत आहेत. सावळा चेहरा आणि स्वच्छ इंग्रजी ही जोडी हाताशी असल्यावर ब्रिटिश निर्मात्याला पात्राचा देश फारसा महत्त्वाचा वाटत नसे. या भूमिकांत झिया कुठेही कमी पडत नाहीत. भूमिकाच त्यांना अपुऱ्या पडतात.

याच सुमारास मुंबईत एक वेगळे काम झाले. इस्माइल मर्चंट आणि जेम्स आयव्हरी यांचा ‘बॉम्बे टॉकी’ १९७० साली आला. पटकथा रूथ प्रावर झाबवाला आणि आयव्हरी यांची. हिंदी चित्रपटाचा नट विक्रम (शशी कपूर), मुंबईत आलेली इंग्रज कादंबरीकार लुसिया (जेनिफर केंडल) आणि तिच्यावर एकतर्फी जीव लावून बसलेला पटकथालेखक हरी, अशी ही गोष्ट. हरीची भूमिका झिया यांनी केली. १९६५च्या युद्धानंतर पाकिस्तानात भारतीय चित्रपट बंद झाले होते आणि पुढचे युद्ध वर्षभरावर येऊन ठेपले होते; अशा वेळी लायलपूरचा नट मुंबईच्या स्टुडिओत हिंदी चित्रपटांचा लेखक होऊन वावरत होता. चित्रपट इंग्रजीत असल्याने कवी मनाच्या या लेखकाच्या तोंडी उर्दू फारशी आलीच नाही, ही त्यातली गंमत. आज ‘बॉम्बे टॉकी’ लोकांच्या लक्षात आहे तो अवाढव्य टाइपरायटरच्या कळांवर नाचणाऱ्या हेलन आणि शंकर-जयकिशन यांच्या संगीतामुळे. हरीचा हळूहळू कडवट होत जाणारा अपमान त्या टाइपरायटरखाली दबून गेला. तो पुन्हा पाहावा असा आहे.

दरम्यान झिया पाकिस्तानात परतले होते आणि घराघरांत पोहोचले होते ते नट म्हणून नव्हे. पाकिस्तान टेलिव्हिजन १९६४मध्ये सुरू झाले. १९६९ ते १९७३ या काळात ‘झिया मोहिउद्दीन शो’ने तिथे गप्पांच्या कार्यक्रमाचा पायंडा पाडला. समोर प्रत्यक्ष प्रेक्षक, खुर्चीत पाहुणा, आणि भाषा मुशायऱ्यातली भारदस्त उर्दू नव्हे, तर हजरजबाबी, खट्याळ, तरीही उच्चाराच्या बाबतीत काटेकोर अशी. मुलाखतकाराने पाहुण्यापेक्षा अधिक चमकू नये हा संकेत त्यांनी नेहमीच पाळला असे म्हणता येणार नाही. पण त्यानंतर तिथे आलेल्या प्रत्येक सूत्रसंचालकाची तुलना त्यांच्याशी होत राहिली.

१९७३ साली ते पीआयए आर्ट्स अकॅडमीचे संचालक झाले. विमान कंपनीने नृत्य-संगीताची अकादमी चालवावी हे आज नवल वाटेल. तेव्हा परदेशांत लोकनृत्यांचे ताफे नेणे हा देशाच्या ओळखीचा भाग मानला जाई. कथक नर्तकी नाहीद सिद्दीकी या काळात त्यांच्या आयुष्यात आल्या आणि दोघांनी विवाह केला. १९७७मध्ये जनरल झिया-उल-हक यांनी सत्ता हाती घेतली. नव्या राजवटीला नाच खुपत होता. नाहीद यांचा ‘पायल’ हा दूरचित्रवाणी कार्यक्रम मध्येच बंद पाडण्यात आला. पती-पत्नी इंग्लंडला गेले. एका झियाने देश घेतला, दुसऱ्या झियाला तो सोडावा लागला.

इंग्लंडमधल्या या दुसऱ्या पर्वात ‘द ज्वेल इन द क्राउन’ (१९८४) या ग्रॅनाडाच्या मालिकेत त्यांनी मोहम्मद अली कासिम हा काँग्रेसमधला मुसलमान नेता साकारला. फाळणीच्या उंबरठ्यावर पक्ष बदलायला नकार देणारा आणि त्याची किंमत मुकाट मोजणारा हा म्हातारा त्यांच्या पडद्यावरच्या उत्तम कामांपैकी एक आहे. त्याच्याकडे तलवार नाही, उंट नाही. बोलण्याआधी थांबणे आहे. ‘द आसाम गार्डन’मध्ये (१९८५) डेबोरा कर आणि मधुर जाफरी यांच्याबरोबर त्यांची एक शांत भूमिका आहे. सेंट्रल टेलिव्हिजनसाठी ‘हिअर अँड नाऊ’ हा स्थलांतरित समाजांविषयीचा कार्यक्रमही त्यांनी काही वर्षे केला. १९९२मध्ये जमील देहलवी यांच्या ‘इमॅक्युलेट कन्सेप्शन’मध्ये शबाना आझमी यांच्यासह ते दिसले.

पण १९८०च्या दशकापासून त्यांचे खरे काम वेगळेच सुरू झाले होते. लाहोरात वर्षअखेरीस ते उर्दू गद्य-पद्याचे जाहीर वाचन करू लागले. मराठी वाचकाला याची कल्पना ‘अभिवाचन’ या शब्दाने येईल, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मर्ढेकर, बोरकर जसे सभागृहात नेले, तसे. फरक असा की झिया पाठ म्हणत नसत, गात तर नसतच. मुशायऱ्यातल्या ‘तरन्नुम’ची, म्हणजे कविता गाऊन म्हणण्याची, उर्दू कानांना सवय; झिया यांनी कवितेतली गाण्याची झाक काढून टाकली आणि वाक्याचा अर्थ जिथे वळतो तिथेच आवाज वळवला. फैज यांची नज्म ते जवळजवळ बोलत. नून मीम राशिद यांची ‘हसन कूजागर’ ही अवघड, लांबलचक मुक्तछंद कविता अनेकांना पहिल्यांदा कळली ती त्यांच्या तोंडून.

उर्दू वाचताना ‘तलफ्फुज’चा, म्हणजे उच्चाराचा प्रश्न येतो. ‘क’ आणि घशातून येणारा ‘क़’, ‘ग’ आणि ‘ग़’ हे वेगळे वर्ण आहेत. त्यांची गल्लत झाली की शब्दाचा अर्थ बदलतो. ‘चहा’तला च आणि ‘चमचा’तला च हे एकाच अक्षरात लिहूनही न चुकता वेगळे बोलणाऱ्या मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. झिया या बाबतीत कडक होते. पण नुसता शुद्ध उच्चार वृत्तनिवेदकालाही जमतो. त्यांचे वेगळेपण गद्यात दिसे. गालिबची पत्रे वाचताना थट्टा, उधारी, आजारपण आणि उजाड झालेली दिल्ली हे सगळे एकाच परिच्छेदात, आवाज न चढवता येई. मुश्ताक अहमद यूसुफी हे पेशाने बँकर आणि उर्दूतले फार मोठे विनोदकार; त्यांची वाक्ये लांब, आणि हशा शेवटच्या शब्दात दडवलेला. झिया तो शब्द येईपर्यंत चेहऱ्यावर काहीच येऊ देत नसत. हे शिक्षण लंडनच्या रंगभूमीचे होते, शेक्सपिअरच्या लांब वाक्याचा श्वास सांभाळण्याचे. ते कामी आले उर्दूला.

२००५ साली जनरल मुशर्रफ यांच्या काळात कराचीत ‘नॅशनल ॲकॅडमी ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स’ (नापा) सुरू झाली आणि तिची धुरा झिया यांच्याकडे आली. जागा मिळाली ती हिंदू जिमखान्याची, फाळणीपूर्वी कराचीतल्या हिंदूंनी बांधलेल्या देखण्या वास्तूची. ती आपल्याला परत मिळावी अशी तिथल्या हिंदू समाजाची मागणी आहे, आणि हा वाद संस्थेला सतत चिकटून राहिला. एका हुकूमशहामुळे देश सोडलेल्या माणसाने दुसऱ्याच्या आश्रयाने संस्था उभी केली, यावरही टीका झाली. तरी १९५३ साली लंडनला जावे लागलेल्या मुलासाठी जे नव्हते, ते आता कराचीत होते: नाटक आणि संगीताचे रीतसर वर्ग, आणि त्यातून पुढे पाकिस्तानी मालिका-चित्रपटांत गेलेले नट. ‘अ कॅरट इज अ कॅरट’ हे आत्मपर पुस्तक त्यांनी इंग्रजीत लिहिले. २०१२मध्ये त्यांना ‘हिलाल-ए-इम्तियाज’ हा सन्मान मिळाला.

नव्वदी ओलांडल्यावरही ते नापात येत राहिले. २०२२मध्ये त्यांनी ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ उर्दूत बसवले. १३ फेब्रुवारी २०२३ रोजी कराचीत त्यांचे निधन झाले, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी.