नोंद ठाण्यात हवी

पेठेतील दुकानाचे कुलूप फुटले की हल्ली पहिला हात जातो तो मोबाइलकडे. सीसीटीव्हीचे चित्रण व्हॉट्सअॅपच्या समूहांत फिरते, दुपारपर्यंत गावभर वार्ता होते. पोलीस ठाण्याचे दप्तर मात्र कोरेच राहते. रोजमेळाची महती व्यापाऱ्याला सांगायला नको. जी रक्कम वहीत चढली नाही, ती हिशेबात धरली जात नाही. गुन्ह्याचेही तसेच आहे.

ठाण्याची पायरी चढण्याचा संकोच आणि ‘गेलेला माल थोडाच परत मिळणार?’ ही निराशा, दोन्ही समजण्याजोग्या आहेत. परंतु १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने वाट सुकर केली आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीचा विचार न करता कोणत्याही ठाण्यात देता येते. ती ऑनलाइनही देता येते. मात्र तीन दिवसांत स्वाक्षरी करावी लागते. प्रथम खबरी अहवालाची प्रत विनामूल्य मिळते. नोंद नाकारली गेल्यास पोलीस अधीक्षकांकडे टपालाने लेखी तक्रार पाठवता येते. घरफोडीच्या विम्याचा दावा करताना विमा कंपनी हीच प्रत मागते. समूहावरचे सहानुभूतीचे संदेश तेथे चालत नाहीत.

रेकॉर्डरची साठवण भरली की जुन्या चित्रणावर नवे चढते. म्हणून मूळ चित्रण वेळीच जपून तपास अधिकाऱ्याकडे सोपवावे. ते गावभर फिरवल्याने चोर सावध होतो. आणि चित्रणात दिसणारा माणूस माल पोहोचवायला आलेला हमाल निघाला, तर त्याची गेलेली अब्रू कोण भरून देणार?

प्रसंगी अब्रूवर थांबत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. तशा अफवा त्या काळात मोबाइलवरूनच पसरत होत्या. संशय पोलिसांना कळवून लोक थांबले असते, तर पाच घरे उघडी पडली नसती.

शेजाऱ्यांना सावध करणे हे कर्तव्यच होय. मात्र आधी तक्रार, मग सूचना. आणि त्या सूचनेत ‘अमुक गल्लीत चोरी झाली, कुलपे तपासावीत’ एवढेच असावे. कोणाचे नाव नको, चेहरा नको. गुन्हा डोळ्यांदेखत घडत असेल तर ११२, ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर विनाविलंब १९३०. हे दोन क्रमांक गल्ल्याजवळ लिहून ठेवावेत.