खुली जवारी, बंद जवारी

गेल्या वर्षी साताऱ्यात एका गायन स्पर्धेला मी परीक्षक होतो. एका मुलाने भीमपलास गायला. तानांचा पाऊस, हातवारे, मिटलेले डोळे. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. त्याच्या आधी एक मुलगी तोच राग गाऊन गेली होती. संथपणे, कुठेही घाई न करता. मी पहिला क्रमांक मुलाला दिला. महिन्याभराने त्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण हाती आलं. ऐकलं आणि कान लाल झाले. मुलाच्या ताना मध्येच सुटत होत्या, षड्ज दर वेळी किंचित चढा लागत होता. मुलीचा कोमल गंधार मात्र प्रत्येक वेळी जागच्या जागी होता. मी गाण्याला नव्हे, टाळ्यांना गुण दिले होते.

तेव्हापासून ‘भावपूर्ण’ आणि ‘संयत’ हे शब्द वापरताना मी अडखळतो. आवाज चढला की भाव आला आणि लय संथ झाली की गाणं कोरडं झालं, असं आपण धरून चालतो. आमच्याच मिरजेच्या मातीत या समजाला उत्तर आहे. उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि दर वर्षी उरुसात तिथे गाण्याची हजेरी लागते. त्यांच्या ७८च्या तबकड्यांची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. झिंझोटीतली त्यांची ठुमरी ऐका. आवाज कुठेही फुटत नाही, आकांत नाही. तरी त्याच गाण्याने वेड लावलं आणि लहानगे भीमसेन जोशी गुरूच्या शोधात घर सोडून निघाले, हे सर्वश्रुत आहे. याला कोरडं गाणं कोण म्हणेल?

याच किराणा घराण्याचे वहीद खाँ याहून अबोल. अतिविलंबित लयीत एकेका सुरापाशी ते इतके थांबतात की नवख्याला कंटाळा यावा. रेडिओमुळे त्यांचं थोडं गाणं तरी आपल्यापर्यंत पोचलं. अमीर खाँसाहेबांनी ती वाट पुढे नेली, तर भीमसेनजींनी मेघगर्जनेची वाट धरली. वाटा दोन. पाश्चात्त्यांतही हा वाद आहेच: बीथोव्हनची एकच सिंफनी तोस्कानिनी लयीला घट्ट बांधून वाजवून घेतात, तर फुर्टव्हेंगलर ती लय ताणत, सोडत जातात.

म्हणजे संयम नेहमी श्रेष्ठ का? नाही. सांगण्यासारखं काही नसतानाही पाऊण तास विलंबित गाणारे मी ऐकलेत. तो संयम नव्हे, रिकामपण आहे. आणि भीमसेनजींचा तार षड्ज नाटकी वाटत नाही, कारण तिथवरची प्रत्येक पायरी त्यांनी चढलेली असते. तुलनाही बरोबरीची हवी. तीन मिनिटांच्या तबकडीशेजारी तासाभराची मैफल ठेवून ‘यात विस्तार नाही’ म्हणणं हा अन्यायच.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतला कारागीर घोडी घासताना आधी विचारतो, जवारी खुली हवी की बंद? खुलीत तार झणझणत राहते, बंदमध्ये नाद गोल होतो. रविशंकरांची सतार पहिल्या जातीची, विलायत खाँसाहेबांची दुसऱ्या. कारागिराच्या लेखी दोन्ही बरोबर. चूक एकच: पट्टीवर पट्टी सरकताना नाद एकसारखा न राहणं. वाद्य खुलं की बंद हे तो गिऱ्हाईकावर सोडतो, खरं की खोटं हे मात्र स्वतः कानाने ठरवतो.

माझी कसोटी आता तीच आहे. भाव सुरातून उगवलाय की वरून चिकटवलाय? हे पहिल्यांदा ऐकताना क्वचितच कळतं, कारण समोर चेहरा असतो, हात असतात, बाजूला माना डोलावणारे असतात. ध्वनिमुद्रणात यातलं काहीच उरत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी चिकटवलेला भाव गळून पडतो. उगवलेला वाढत जातो.

यंदा त्याच स्पर्धेचं बोलावणं आलं. मी एकच अट घातली: निकाल त्याच दिवशी नको, ध्वनिमुद्रण ऐकून दुसऱ्या दिवशी देऊ. आयोजक म्हणाले, बक्षीस समारंभाला पाहुणे बोलावलेत, कसं जमणार? अजून बोलणी चालू आहेत. त्या मुलीने यंदा नाव दिलेलं नाही, एवढं मात्र मी विचारून घेतलं.