एसीचा ‘गॅस’ खरेच संपतो का?
उन्हाळ्याची चाहूल लागताच शहरांत एसीच्या सर्व्हिसिंगची लगबग सुरू होते आणि ‘गॅस कमी झाला आहे’ असे निदान अनेक घरांत ऐकू येते. वस्तुतः हा वायू बंद नळ्यांतून फिरतो; वापराने तो संपत नाही. तो घटला असेल तर कोठेतरी गळती आहे, आणि ती न बुजवता भरलेला गॅस पुन्हा हवेतच जातो. नव्या यंत्रांत सर्रास आढळणारा आर-३२ हा वायू सौम्य ज्वलनशील असून त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ पट आहे. त्यामुळे हे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाचेच. गारवा घटण्याचे कारण मात्र पुष्कळदा धुळीने बुजलेली जाळी हेच असते. वीजपुरवठा बंद करून ती धुणे व पूर्ण वाळवून बसवणे घरच्या घरी जमते. ग्राहकाने आधी जाळी पाहावी, मग गळती कोठे आहे ते विचारावे. पैसे त्यानंतरच मोजावेत.